डावं सत्तर, उजवं चाळीस

रामटेके भाऊ आधी काहीच बोलत नाहीत.
गळ्यातला टेप काढून तिचे खांदे मोजतात
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पहिल्या झबल्याचं माप घ्यावं तसे,
आणि तेवढ्याच अंतरावर पट्टीवर दोन बूट कसतात.
डावा सत्तर अंशांवर, उजवा चाळीसवर.
मेडिकलच्या त्या खोलीत बुधवार असतो,
प्लास्टरचा ओला वास असतो
आणि माझ्यासारख्या अकरा आया.

सहा प्लास्टरं झाली.
मंगळवारी रात्री टबात भिजवून सोडवायचं,
दर वेळी पाय थोडा आणखी
स्वतःच्या जागेकडे आलेला.
मग टाचेमागची दोरी कापली,
एवढासा छेद, टाकाही नाही,
आणि तीन आठवडे मी फक्त तिची बोटं पाहिली.

"मधला पट्टा पहिले, ताई.
मग मागचं भोक बघा. टाच दिसते का?
नाही न? काढा. पुन्हा घाला.
पोट्टी रडन. रडू द्या न बाप्पा."
तिसऱ्यांदा दिसली.
भिजल्या हरभऱ्याएवढी, गुलाबी.
"हं. आता तेवीस तास. तीन महिने.
मग फक्त झोपताना, चार वर्षांची होईपर्यंत."
चार वर्षं त्यांनी
बसचं तिकीट सांगावं तशी सांगितली.

बसमध्ये एक बाई पट्टीकडे बघत राहिली.
"ग्रहण नव्हतं का पाळलं?"
म्हटलं, त्या दिवशी पिको-फॉलच्या सात साड्या होत्या.
कंडक्टर ओरडला, पाचपावली, पाचपावली!
पत्ताच असा आमचा,
आजवर त्यातली पावलं कधी मोजली नव्हती.

त वरून नाव हवं होतं,
आत्येनं तितीक्षा आणलं.
अर्थ नंतर पाहिला.

बाहेर सेहेचाळीस. कुलरमधून कोमट वारा.
सुती मोजे दिवसातून तीनदा बदलते,
पावडर नाही, तेल नाही,
लाल डाग दिसला की बोटानं दाबून बघते,
विरतोय का.
रात्री पट्टी पाळण्याच्या दांड्यावर आपटते, टक्.
सुरेंद्र बुटीबोरीला, रात्रपाळीत.
नवव्या रात्री दोन वाजता
मी पट्टे सोडले.
ती लगेच झोपली. मीही झोपले.
त्या महिन्यातली माझी सगळ्यात गाढ झोप होती ती,
आणि तीच मला अजून टोचते.

सकाळी टाच बसेना.
बुधवारी रामटेके भाऊंनी पट्ट्याची भोकं न्याहाळली,
मोज्यावर बोटांच्या टोकाशी पेनानं रेघ ओढली.
"किती रात्री?"
"एकच."
ते चिडले असते तर बरं झालं असतं.
म्हणाले, "बहुतेक जणी चार सांगतात,"
आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

आता तिला उमगलंय,
एकटा पाय हलत नाही.
दोन्ही मिळून मारते, गुडघे वाकवून, जोरात.
मामंजी पडल्यापडल्या ऐकतात.
त्यांचा माग भंगारात गेला त्याला चौदा वर्षं झाली.
"पावडीचं तसं नव्हतं," म्हणतात,
"एक दाबली की दुसरी वर यायची."
मग बराच वेळ काही नाही.
नुसतं टक्. टक्.

संध्याकाळी पाच ते सहा तिचे पाय मोकळे.
आंघोळ, मग उघडी तंगडी हवेत.
तळव्यावर मोज्याची वीण उमटलेली असते.
मामंजी ते पाऊल हातात घेतात,
तुटलेलं सूत चाचपावं तसा अंगठा फिरवतात
टाचेवरून, कडेवरून, पुन्हा टाचेवरून.
काही सापडत नाही बहुधा.
"माझा हात खरखरीत आहे," म्हणतात,
आणि पाऊल मला परत करतात.

ती अंगठा तोंडाकडे ओढते आहे.
पोचत नाही. पुन्हा ओढते.
सहाला दहा कमी.
मी मोजे शोधते.
मधला पट्टा पहिले.